तुमचा कितवा?

कीर्तनाला पुढची जागा मिळावी म्हणून सिंधूताई जरीपटका वस्तीतल्या देवळात तासभर आधीच ठाण मांडून बसल्या. कीर्तनाआधी तिथे व्यसनात सापडलेल्या पोरांच्या आईबापांची सभा भरली होती. मागच्या सतरंजीवर एक नवरा-बायको कुजबुजत होते. सिंधूताईंची माळ चालू होती, कान मात्र मागे गेले होते.

"गालात काय हाय तुमच्या?"

"सुपारी."

"सुपारीले तंबाखूचा वास काहून येते?"

"हळू बोल नं वं! लोकं ऐकून राहिले."

"ऐकू द्या. मोहितले पावडर सोडवाले केंद्रात ठेवलं, अन् तुम्ही सभेत खर्रा चघळून राहिले! पोराले शब्द देल्ला होता नं, तू सोड, मीबी सोडतो म्हणून?"

"अन् तुह्या पदराच्या गाठीत काय प्रसाद हाय? तंबाखूच्या गुडाखूची डबीच हाय नं?"

"ते दाताले लावाचं औषध हाय."

सिंधूताईंची माळ थांबली. तेवढ्यात मागे फोन वाजला.

"केंद्रातून हाय. उचला!"

"तूच उचल."

"तुम्हीच उचला, अन् स्पीकरवर टाका, मलेबी ऐकू द्या."

"बाबा, माझा आज एकविसावा दिवस. तुमचा कितवा?"

"माझा... थांब बेटा, एक मिनिट."

कुणीतरी लगबगीने बाहेर गेलं. अंगणातल्या नळावर खळखळून चूळ भरल्याचा आवाज आला. पावलं परत आली.

"माझा पहिला, बेटा."

"अन् आईचा?"

सिंधूताईंच्या मांडीवर मागून एक लहानशी डबी येऊन पडली.

"मावशी, हे धरा. पाया पडून मागितली तरी देऊ नका... माझाबी पहिलाच हाय रे, राजा!"