देवधरचं पर्जन्यमापक

चहा घेऊ, पण त्या देवधरचं नाव माझ्यासमोर काढू नका. आमच्याच गल्लीत राहतो, आमच्या हवामानवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन. चेन्नईकडे चक्रीवादळ येत होतं, इथे बंगळुरात दोन दिवस पाऊस थांबत नव्हता, आणि आमची घरं तळ्याच्या खालच्या अंगाला, तळमजल्यावर. मी ग्रुपवर विचारलं, "सासूबाईंना चालता येत नाही. आजच घर सोडू का?"

झालं. हवामानाच्या अंदाजाचं एक मॉडेल म्हणे वादळ इकडे वळेल, दुसरं म्हणे विरेल. शेवटी देवधरने मतदान घेतलं. घर सोडायचं की नाही यावर मतदान. बहुमत पडलं, "पॅनिक नको, थांबा."

समोरच्या अक्का रिक्षात सामान टाकून निघाल्या. म्हणाल्या, "नाला भरत आलाय, तू पण नीघ." मी शहाणी, त्यांना मॉडेल समजावत बसले.

सकाळी घरात गुडघाभर पाणी. सासूबाईंना खुर्चीसकट बाहेर काढतोय, तेवढ्यात मोबाइल वाजला. देवधरचं साडेआठचं पावसाचं रीडिंग. नियम त्याचाच, मोजमाप ज्याने त्याने स्वतःच्या गच्चीवरचं टाकायचं, फोटोसकट. फोटोत पर्जन्यमापकाच्या मागे मेट्रोचा पूल दिसत होता. आमच्याकडे मेट्रो नाही. इंदिरानगरला, त्याच्या मेहुणीच्या घरासमोर आहे.

स्वतः तर गेलाच, ते प्लास्टिकचं नळकांडंही सोबत नेलं. ते हलवायला मात्र मतदान लागलं नाही.