नाक्यापासून नऊ मैल

गडचिरोली पोलीस ठाणे, जिल्हा चांदा. दिनांक १४ डिसेंबर १९५७.

माझे नाव नूर मोहम्मद वल्द शेख इमाम, वय ३९ वर्षे, धंदा मोटारदुरुस्ती, राहणार गडचिरोली. समक्ष हजर राहून सांगतो की, जंगलतोडीचे ठेकेदार भैयाजी यांच्या मोटारीचे काम माझ्याकडे असते. जंगलातल्या रस्त्यावर मोटारीचे पोट दगडांना लागत असे, म्हणून त्यांनी लिलावातून लष्करी गाडीची चाके आणली. ती मी दिवाळीनंतर बसवली. आधीच्या चाकांपेक्षा ती तीन इंच उंच होती. मोटार उंच झाली, पण चढावर ओढ कमी पडू लागली, ब्रेक उशिरा लागू लागला आणि माणसे जास्त बसली की मागचे टायर मडगार्डाला घासू लागले. मीटरही कमी दाखवू लागले. खरे दहा मैल झाले की मीटरवर नऊ. हे मी स्वतः मैलाच्या दगडांवरून पाहिले होते व मालकांना सांगितले होते.

दिनांक ११ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास भैयाजींचा ड्रायव्हर मुखरू याने मोटार माझ्या दुकानासमोर थांबवली. मागे त्यांच्या तोडणीच्या कॅम्पवरची मजूर बुधरी बाळंतपणात अडलेली होती. सोबत तिची सासू व नवरा कोलू. मुखरूने इंजिन बंद केले नाही. तो म्हणाला, "मिस्त्री, आमच्या कॅम्पचे बापूजी मुनशी मांगं राह्यले. टायर घासून धूर निघून राह्यला होता. तेच म्हणाले, मी उतरतो, बाईले आधी न्या. मी इले चांद्याले नेतो, तुमी त्यायले घेऊन या. नाक्यापासून मीटरवर नऊ मैल. मोहाच्या झाडाखाली बसले आहेत."

माझ्याकडे दुरुस्त झालेला एक ट्रक उभा होता. तो मी काढला. जंगलनाक्यावरून चौकीदार लालसू याला सोबत घेतले. ट्रकची चाके मूळची व मीटर बरोबर होते. सव्वापाच वाजता नऊ मैल झाले. तिथे मोहाचे झाड होते. खाली कोणी नव्हते. मी हॉर्न दिला, हाका मारल्या. दिवस मावळत होता. तेव्हा पुढून ठक ठक असा बारीक आवाज आला.

लालसू म्हणाला, "मिस्त्री, कोनी ठोकून राह्यलं."

मी म्हणालो, "सुतार पक्षी असन."

"पक्षी असा नाई ठोकत. हा तीनदा ठोकते अन् थांबते."

मी मीटर पाहिले. म्हणालो, "मुखरूनं नऊ सांगितले, नऊ झाले. झाडबी हेच आहे."

वीस मिनिटे थांबलो. नंतर आवाज आला नाही. बापूजी एखाद्या बैलबंडीत बसून कॅम्पवर परत गेले असतील असे समजून मी ट्रक वळवला.

एक मैल पुढे का गेलो नाही, असे विचारल्यावरून सांगतो की, ट्रकमध्ये तेल होते. रस्ता होता. कारण मला सांगता येत नाही.

दिनांक १२ रोजी सकाळी मुखरू परत आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, असे त्याने सांगितले. तो बोलत असताना माझी नजर मोटारीच्या चाकांवर गेली. मी त्याचे पुढचे बोलणे ऐकले नाही. ट्रक काढून थेट गेलो.

दहाव्या मैलावरही मोहाचे झाड आहे. खाली बापूजींच्या चपला जोडीने ठेवलेल्या होत्या. लाकडावर शिक्का मारायचा त्यांचा हातोडा बुंध्याशी पडला होता. बुंध्याची साल पुष्कळ ठिकाणी फुटली होती. घाव मी मोजले नाहीत. तिथून चाळीस पावलांवर बांबूच्या दाट बेटात बापूजी सापडले. वाघाने ओढत नेल्याच्या खुणा होत्या. मी त्यांना ओळखले.

तेव्हापासून दुकानात ठोकायचे काम मी बंद ठेवले आहे. तरी ऐकू येते.

काल बापूजींची पत्नी शकुबाई दुकानात आल्या. त्यांनी विचारले, "भाऊ, तुमी गेले तवा ते तुमच्यापासून किती दूर होते?" मी म्हणालो, "लई दूर होते, बाई." हे मी त्यांना खोटे सांगितले. ते एक मैलावर होते. तसे लिहून घ्यावे.

वरील सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मी जसा सांगितला तसाच लिहिला आहे, त्यात कमीजास्त काही नाही. म्हणून खाली सही करतो.