मुनीरभाऊची पेटी

मी गोरेगावकडचा, धानाच्या बांधीतला मानूस. बाप धान पिकवे अन् दंडारीत, म्हंजे आमच्याकडच्या नाचगान्याच्या खेळात, ढोलकी वाजवे, मीही तेच करत आलो. आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई, म्हंजे जत्राच, भरते, लेकीबाळी माहेरी येतात, दिवस बुडला का नाटक होते. पेटीवर मुनीरभाऊ. त्याचा बापही पेटीच वाजवे. पडदा उघडाच्या आधी नारळ पेटीवाल्यानंच फोडाचा, हे आज्याच्या काळापासून चालत आलं, त्यात मुनीरभाऊचा धरम कोनी काढला नाही.

काय सांगू तुमाले, गावात तीन पार्ट्या जुन्या, वावराच्या धुऱ्यावरून भांडावं तशा भांडत. एका साली मंडईचा अध्यक्ष कोन, मधल्या खुर्चीवर कोन बसंल, यावर तिन्ही पुढाऱ्याइचं जमलंच नाही. तवा तिघंही म्हने, गावात नवी पार्टी निंगाली, तिच्या पोराइले द्या कमेटी, पन दुसऱ्याचं नाक वर व्हाले नोको. पोराइनं मोठा मंडप टाकला, डीजे आनला, अन् भाषन देल्लं का गावात फक्त आपलेच लोक पाहिजेत. लोक म्हने, बोलतात तिखट, पन काम करून राहिले ना.

मंग सरपंचाची निवडनूक आली. मी तिघाइच्याही घरी गेलो, हात जोडले, म्हनलं बाप्पा, एकच मानूस उभा करा. पहिला म्हने माहा मानूस असंल त तयार आहो. दुसराही तेच म्हने, तिसराही. उलट एकेक जन मागच्या दारानं नव्याइकडं जाऊन आला, त्या दोघाइले पाडा म्हने. मतं तीन जागी फाटली, अन् नव्याइचा सरपंच झाला.

औंदाच्या मंडईले सरपंच म्हने, पेटीवर मुनीर बसनार नाही, नारळ मी फोडतो. मी म्हनलं काऊन, त म्हने गावानं आमाले निवडलं. मी पुढच्या रांगेकडं पाहिलं. तिघंही जुने बसले होते, गळ्यात सरपंचानं घातलेले हार. तिघंही हार सारखे करत राहिले. ढोलकी काखेत मारली अन् मुनीरभाऊच्या आंगनात गेलो.

तो खाटेवर बसून मंडपातल्या भोंग्यावरून येनारं नाटक ऐकून राहिला होता. मले म्हने, तू कायले आला रे, ढोलकी नसली त नाचनाऱ्याचा पाय चुकते, जा, गावाचं नाटक बिघडू देऊ नोको. मी नाही गेलो. त्याच्याजवळच बसलो.

देव सगळ्याइचं भलं करो, त्या तिघाइचंही. अजून भेटले का म्हनतात, आमी त त्या नव्याइले मत नाही देल्लं. खरंच बोलतात, नाही देल्लं.