खिडकीतला कूलर

डिसेंबरची सकाळ. धुळ्याच्या स्टँडवर पिंपळनेरची गाडी लागली होती, ड्रायव्हर चहाला गेला होता. माझ्या बाकावर, माझ्यासारखेच त्या गाडीने निघालेले, पिशवी घेतलेले एक आबा होते. मुलगा गोपाल त्यांना घरी परत न्यायला आला होता.

“आबा, चला. हेमलता रडतेय. सुनेचं काही चुकलं का?”

“तिनं काही चुकनं नही. तुना घरमा माले जेवन, कपडा, बठ्ठं भेटस, फक्त दिवस भेटत नही.”

“म्हणजे?”

“खोलीमा चहा उना का समजस, सकाय व्हयनी.”

“खोलीला खिडकी आहे की.”

“खिडकीमा कूलर शे.”

“तो तुमच्यासाठीच बसवला. मे महिन्यात.”

“आते थंडी शे, गोपाल.”

“पुन्हा मे येणारच ना? दरवर्षी कोण काढत बसणार?”

“मंग मी मे महिनामाच येसू.”

गोपालने फोन लावला.

“हेमलता, पाना शोधून ठेव. कूलर काढायचाय... नाही, संध्याकाळी नाही. आत्ता, ऊन आहे तोवर.”

आबांनी पिशवी मुलाच्या हातात दिली आणि उठता उठता माझ्याकडे वळले.

“भाऊ, गाडीमा मना रुमाल टाकेल शे. तठे तुम्ही बसा. उन्हाकडनी खिडकी शे.”