मुंगी मोठी होईना

दवाखान्यात शेजारच्या बाकावर दोन आज्या बोलत होत्या.

“कंबर कशानं धरली हो?”

“नातीपायी. सदा त्या टॅबवर बोटं. काल फरशीवरच्या मुंगीवर दोन बोटं ठेवून फाकवायला लागली. चित्र मोठं करतात ना, तसं.”

“अगंबाई! मग?”

“मुंगी कसली मोठी होतेय! म्हटलं, आता ही भोकाड पसरणार.”

“पसरलंच असेल.”

“छे! पालथी पडली, नाक मुंगीपाशी नेलं आणि हळूच म्हणते कशी, ‘आजी, ही मिशा पुसतेय.’”

“मुंगी?”

“मग मीही पडले पालथी.”

“या वयात!”

“उठताना कंबर गेली. पण खरंच पुसते हो, पुढच्या पायांनी, एकेक मिशी. जन्मभर मुंग्या झाडल्या, बघितली मात्र काल.”

“... इथं एखादी दिसतेय का हो?”