गार वाटणारं तेल

गवती चहा घातलेला चहा म्होरं आला की मला लासुर्ण्याचे आमचे दाजी आठवतात, आणि घोट खाली उतरत न्हाय.

आक्काचा हा नवरा उसावर तणनाशक मारताना मागं-पुढं बघत न्हाय. पण गाईला गोचीड झाले आणि गड्याला एकदम निसर्ग आठवला! डॉक्टरचं औषध ठेवलं फळीवर आणि मोबाईलवर बघून मागवलं गवती चहाचं तेल. बाटलीवर लिहिलेलं, थेंब-थेंब पातळ करून लावा. दाजी म्हणले, "गोचीड काय पाव्हणा हाय व्हय, थेंब-थेंब द्यायला?" आणि निम्मी बाटली तशीच गाईवर ओतली. गाय दावं तोडाय लागली.

मी म्हणलं, "दाजी, झोंबतंय तिला."

"तुला काय कळतंय? गार वाटतंय तिला."

संध्याकाळी डेअरीवाल्यानं दुधाचा वास घेतला आणि किटली परत पाठवली. त्याच दुधाचा चहा माझ्या म्होरं! वर दाजी म्हणतात, "बघ, गवती चहा येगळा घालाय लागला न्हाय."

तेवढ्यात दाजी किंचाळले. गाईवरचा गोचीड ह्यांच्या कमरेला चिकटला हुता.

"आगं, काय तरी लाव!"

आक्कानं तीच बाटली आणली.

"ते नगं! सकाळी बोट कापलेलं, तिथं लागलं, अजून आग हाय!"

"गप हुबं ऱ्हावा," आक्का म्हणली, "गार वाटतंय." आणि उरलेली निम्मी बाटली तिनं त्यांच्या कमरेवर रिकामी केली.