अतिएनोच्या आईची फरशी

…आणि वर मलाच विचारते, आधी फोल्डर बघितलं का! अहो, अर्ध्या किसुमू शहरात मी घरं बांधलीत, आणि आता छिन्नी उचलायची तर बायकोचं फोल्डर बघायचं? अविनो, माझी बायको. पूर्वी सगळं माझ्या फोनमध्ये सुखाने लोळायचं… नकाशे, प्लास्टरआधीचे नळांचे फोटो, मेव्हण्याच्या लग्नातला बकरा, सगळं एकत्र. वर नाव गिऱ्हाइकाचं, आमच्याकडे हाक मारतात तसं, लेकराच्या नावाने : अतिएनोची आई. आता तुम्हाला सांगतो, आमच्यात रात्री जन्मलेली पोरगी म्हणजे अतिएनो, आणि पोरींना रात्रीच यायची हौस! झाल्या की अतिएनोच्या तीन आया. पण मला ओळखू यायच्या ना!

मग हिने लॅपटॉप घेतला. प्लॉटच्या नंबराचं फोल्डर, आत नळ वेगळे, वायरिंग वेगळं, आणि सगळ्यात पहिला फोटो कुणाचा? मालकिणीचा, स्वतःच्या दारात उभी! मी म्हटलं, बांधकाम आहे का लग्नाचा अल्बम? ती मान खाली घालून पुढचा फोटो लावत राहिली. न बोलणारी बायको फार धोक्याची हो.

तर गेल्या आठवड्यात एका अतिएनोच्या आईचा फोन. बैठकीत फरशीखालून पाणी येतंय, आणि शनिवारी पोरीला मागणी घालायला मुलाकडची मंडळी येणार. बाई रडकुंडीला आलेली. "बाळा, चिखलात पाहुणे बसवू? म्हणतील, आईचं घर असं, तर पोरगी काय संसार करणार." मी म्हटलं, आई, मी आहे ना. बायकोला सांगून निघालो, तिथे फोन उघडला, अतिएनोची आई, हा बघा फोटो, नळ बरोब्बर बैठकीच्या मधोमध! खडूने रेघ मारली, छिन्नी टेकवली, हातोडा वर नेला… आणि फोन वाजला. बायको, आमच्या लेकराच्या नावाने हाक मारत :

"अपोंदीचे बाबा, आधी फोल्डर बघितलं का?"

मी म्हटलं, बघितलं. तर म्हणते कशी, "खिडकी कुठल्या बाजूला आहे?" उजवीकडे. "आणि फोटोत?" फोटोत… डावीकडे. अहो, ती दुसऱ्याच अतिएनोची आई! हिने घरबसल्या खरं फोल्डर पाठवलं, पहिल्याच फोटोत हीच बाई, दारात उभी, काखेत कोंबडी. नळ कुठे? सोफ्यामागे, भिंतीलगत. दोन फरश्या काढल्या, सांधा बदलला, शनिवारी बैठक कोरडी ठणठणीत. मंडळींनी मासे आणि मक्याच्या पिठाची उगाली चापली, लग्न ठरलं. नाहीतर मधोमध खड्डा, खड्ड्यात नवरदेवाचा बाप, आणि पोरगी जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडणार! काय डोकं आहे हो हिचं! सोनं आहे बाई, सोनं. तिच्यासमोर म्हणत नाही, एवढंच.

रविवारी ती चर्चला गेली, म्हटलं, लॅपटॉप एकदा डोळे भरून बघावा. काय ती शिस्त! झालेली कामं इकडे, चालू कामं तिकडे. गंमत म्हणून स्वतःचं नाव टाकून शोधलं… सापडलं की लगेच! 'अर्धवट कामं' या फोल्डरात. पहिला फोटो माझाच, आमच्याच दारात उभा, आणि माझ्या मागे आमचं स्वयंपाकघर, लग्नापासून प्लास्टरची वाट बघत असलेलं.

उद्या वाळू येतेय.